रक्तातलं होमोसिस्टीन आणि आपलं ताट

1933 साली अमेरिकेतल्या बोस्टनमध्ये आठ वर्षांचा एक मुलगा पक्षाघाताने गेला. शवविच्छेदनात मेंदूकडे जाणाऱ्या त्याच्या रक्तवाहिन्या सत्तरीतल्या माणसासारख्या कठीण झालेल्या दिसल्या. असं का व्हावं, हे कुणालाच सांगता आलं नाही. तीसएक वर्षांनी त्याच कुटुंबातल्या एका लहान मुलीला होमोसिस्टिन्युरिया हा दुर्मीळ आनुवंशिक आजार असल्याचं निदान झालं, तेव्हा तिच्या आईला आपला लहानपणीच गेलेला भाऊ आठवला. किल्मर मॅककली या विकृतिशास्त्रज्ञाने त्या मुलाचे जपून ठेवलेले नमुने काढून पुन्हा तपासले. त्यानंतर दोन महिन्यांच्या एका बाळाच्या रक्तवाहिन्यांतही त्यांना तीच इजा आढळली. बाळातला दोष वेगळा होता, पण दोन्ही मुलांच्या रक्तात एक पदार्थ वाजवीपेक्षा फार जास्त होता : होमोसिस्टीन. हा पदार्थच रक्तवाहिन्यांना इजा करत असावा, असं मॅककली यांनी 1969 मध्ये मांडलं. तो काळ कोलेस्टेरॉलचा होता. त्यांच्या म्हणण्याकडे गंभीरपणे पाहायला वैद्यकविश्वाला वीसेक वर्षं लागली.

आज आरोग्य तपासणीच्या पॅकेजमध्ये होमोसिस्टीन सहज मोजलं जातं. रिपोर्टवर आकडा ठळक छापून आला की घरात काळजी सुरू होते. या आकड्याचा अर्थ मराठी घरांनी नीट समजून घ्यायला हवा, कारण त्याच्यावरचं महत्त्वाचं संशोधन पुण्यातही झालेलं आहे.

होमोसिस्टीन येतं कुठून?

डाळी, दूध, अंडी, मासे यांतल्या प्रथिनांत मेथिओनिन नावाचं अमिनो आम्ल असतं. शरीर ते वापरतं तेव्हा मधल्या टप्प्यावर होमोसिस्टीन तयार होतं. ते साचू न देण्याच्या दोन मुख्य वाटा आहेत. एक, फोलेट आणि बी-12 या जीवनसत्त्वांच्या मदतीने त्याचं पुन्हा मेथिओनिन करायचं. दुसरी, बी-6 च्या मदतीने त्याचं सिस्टीन करायचं. यातलं एखादं जीवनसत्त्व कमी पडलं की वाट तुंबते आणि होमोसिस्टीन रक्तात वाढतं. मूत्रपिंडाचे विकार, थायरॉइडचं काम मंदावणं, वाढतं वय, धूम्रपान यांनीही ते वाढतं.

साधारणपणे एका लिटरमागे 5 ते 15 मायक्रोमोल ही पातळी ठीक मानतात. होमोसिस्टिन्युरियात ती 100 च्याही वर जाते. डोळ्यातलं भिंग सरकणं, हाडं ठिसूळ होणं, कोवळ्या वयात रक्ताच्या गुठळ्या होणं ही त्या आजाराची लक्षणं. आपल्यातल्या बहुतेकांचा प्रश्न 15 ते 50 च्या दरम्यानचा असतो.

हृदय आणि मेंदू

होमोसिस्टीन जास्त असलेल्या लोकांत हृदयविकार, पक्षाघात आणि शिरांमधल्या गुठळ्या अधिक आढळतात, हे अनेक पाहण्यांत दिसलं. मग जीवनसत्त्वं देऊन ते उतरवलं तर हृदय वाचेल का? 2006 मध्ये नॉर्विट आणि होप-2 या दोन मोठ्या चाचण्यांचे निष्कर्ष आले. होमोसिस्टीन छान उतरलं, पण हृदयविकाराचे झटके कमी झाले नाहीत. तेव्हा हृदय राखण्यासाठी रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल आणि तंबाखू यांकडेच आधी पाहावं. 'होमोसिस्टीनची गोळी' घेतली म्हणून त्यातलं काहीही सोडून चालणार नाही.

मेंदूची गोष्ट वेगळी आहे. होप-2 मध्येच पक्षाघाताचं प्रमाण घटलेलं दिसलं होतं. चीनमध्ये उच्च रक्तदाबाच्या वीस हजारांहून अधिक रुग्णांवर झालेल्या चाचणीचा निकाल 2015 मध्ये आला. रक्तदाबाच्या गोळीबरोबर फोलिक ॲसिड घेणाऱ्यांत पहिला पक्षाघात सुमारे एक पंचमांशाने कमी झाला. स्मरणशक्ती किंचित उणावलेल्या सत्तरीपुढच्या मंडळींना ऑक्सफर्डच्या संशोधकांनी दोन वर्षं फोलिक ॲसिड, बी-12 आणि बी-6 दिलं. त्यांचा मेंदू आकसण्याचा वेग जवळजवळ 30 टक्क्यांनी मंदावला, आणि ज्यांचं होमोसिस्टीन सुरुवातीला जास्त होतं त्यांना सर्वाधिक फायदा झाला. विस्मृतीचा आजार यामुळे टळतो, असं एवढ्यावरून म्हणता येत नाही. पण कमतरता असेल तर ती भरून काढण्याला हे सबळ कारण आहे.

परळ आणि पुणे

1928 मध्ये लूसी विल्स ही ब्रिटिश डॉक्टर मुंबईत आली. गिरणगावातल्या गरोदर कामगार बायकांना जडणारा तीव्र पंडुरोग तिने परळच्या हाफकिन संस्थेत अभ्यासला आणि यीस्टच्या स्वस्त अर्काने तो बरा होतो हे 1931 मध्ये दाखवून दिलं. त्या अर्कातला गुणकारी घटक पुढे फोलिक ॲसिड म्हणून ओळखला गेला. होमोसिस्टीन आटोक्यात ठेवणाऱ्या जोडीतल्या एका जीवनसत्त्वाचा माग असा मुंबईत लागला. दुसऱ्याचा, म्हणजे बी-12 चा, आपल्याकडचा तुटवडा पुण्याने दाखवून दिला.

केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्रातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी यांनी पुणे आणि परिसरातल्या 441 मध्यमवयीन पुरुषांचं रक्त तपासलं. त्यांत खेडेगावातले, झोपडपट्टीतले आणि शहरी मध्यमवर्गातले असे तिन्ही गट होते. 67 टक्क्यांमध्ये बी-12 कमी होतं आणि 58 टक्क्यांचं होमोसिस्टीन 15 च्या वर होतं. सर्वांत वाईट स्थिती होती शहरी मध्यमवर्गाची : 81 टक्क्यांना बी-12 ची कमतरता आणि 79 टक्क्यांचं होमोसिस्टीन चढलेलं. फोलेटचा वाटा यात नगण्य होता. ते पालेभाज्या आणि कडधान्यांतून आपल्याला मिळतं. कमी पडतं ते बी-12, कारण ते फक्त जिवाणू तयार करतात आणि आपल्यापर्यंत दूध, अंडी, मासे, मांस यांतूनच पोचतं. सामिष खाणाऱ्यांनीही निर्धास्त राहू नये. वारांचे उपास, श्रावण, चातुर्मास पाळून आठवड्याला एखादाच तुकडा पानात पडत असेल, तर बी-12 फारसं हाती लागत नाही.

1993 पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर स्त्रिया आणि त्यांची मुलं यांचा पाठपुरावा सुरू आहे. तिथल्या जवळजवळ दोन तृतीयांश मातांमध्ये बी-12 कमी होतं. ज्यांचं बी-12 कमी पण फोलेट भरपूर, त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती सर्वाधिक आढळली. मधुमेहाकडे नेणारी वाट आईच्या पोटात असतानाच आखली जाऊ शकते, ही जाण या गावांनी जगाला दिली.

रिपोर्ट हातात आल्यावर

आधी चाचणी नीट झाली का, ते पाहावं. रक्त काढल्यावरही तांबड्या पेशी होमोसिस्टीन बनवत राहतात. नळी तशीच खोलीच्या तापमानाला पडून राहिली तर आकडा तासाला सुमारे 10 टक्के फुगतो. म्हणून नमुना लगेच बर्फात ठेवावा लागतो, नाहीतर प्लाझ्मा वेगळा करावा लागतो. घरी येऊन रक्त नेणाऱ्या मुलाला हे बिनधास्त विचारा.

आकडा खरोखर जास्त असेल तर बी-12, क्रिएटिनिन आणि थायरॉइड तपासून घ्यावं. मधुमेहासाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन किंवा ॲसिडिटीच्या गोळ्या घेणाऱ्यांत बी-12 घटत जातं, म्हणून डॉक्टरांना चालू औषधांची पूर्ण यादी दाखवावी. तळपायांना मुंग्या, चालताना तोल जाणं, सतत थकवा, विसराळूपणा या तक्रारी 'वयामुळे' म्हणून सोडून देऊ नयेत. बी-12 न तपासता नुसतं फोलिक ॲसिड घेत राहणं धोक्याचं आहे. त्याने पंडुरोग झाकला जातो आणि नसांची हानी आतल्या आत चालू राहते.

प्रौढाला बी-12 दिवसाला सुमारे 2 मायक्रोग्राम लागतं. रोजचं दूध, वाटीभर दही, ताक, चालत असेल तर अंडं किंवा बांगडा, यांतून ते मिळू शकतं. कमतरता मुरलेली असेल तर मात्र डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळ्या किंवा इंजेक्शनं घ्यावी लागतात. हा उपचार स्वस्त आहे आणि त्याने चढलेलं होमोसिस्टीन बहुधा काही आठवड्यांत उतरू लागतं.

माझा आग्रह आहे तो घरातल्या मुलींसाठी. गर्भधारणेआधीपासून फोलिक ॲसिड घेतल्याने बाळाच्या मज्जारज्जूतले जन्मजात दोष मोठ्या प्रमाणात टळतात, आणि त्या गोळ्या सरकारी दवाखान्यांत मिळतात. बी-12 कडे मात्र अजून तेवढं लक्ष गेलेलं नाही. किशोरवयातच ते तपासलं जावं आणि कमी असेल तर गरोदरपणाची वाट न पाहता भरून काढलं जावं. पुण्याच्या संशोधकांनी किशोरवयीन मुलामुलींना बी-12 देऊन पुढच्या पिढीवर होणारा परिणाम पाहण्याचं काम हाती घेतलं, ते याच विचाराने. एवढं काम आपल्या दाराशी झालेलं असताना त्याचा पहिला लाभ आपल्या घरातल्या लेकीबाळींना मिळायलाच हवा.