मातीवरची कुस्ती का लांबते?

इंदापूर-बारामतीकडे, कळसच्या पंचक्रोशीत, जत्रा म्हटली की कुस्त्यांचा फड आलाच. पोरांच्या कुस्त्या रेवड्यांवर चटाचट उरकतात. मोठ्या इनामाची जोड लागली की मात्र वेळेचा हिशेब सुटतो. कुस्ती निकाली, एकाची पाठ मातीला टेकेपर्यंत ती चालायची.

लांबते ती कशाने? सलामीनंतर खडाखडी सुरू होते. मानेवर हात, मनगटाची ओढाताण, पट काढायचा प्रयत्न. जोड तुल्यबळ असेल तर कुणी आधी धोका पत्करत नाही. मग एकाने कब्जा घेतला, की खालचा पोटावर पालथा पडतो, कोपरं अंगाशी आवळतो, हनुवटी मातीत रुतवतो. वरचा घिस्सा मारून उलटवायला लांगेत हात घालतो, घुटना ठेवून बघतो. खालचा हलत नाही. हलगी कडाडत राहते, पंच ‘कुस्ती करा’ म्हणून ओरडतात.

1910 साली लंडनला गामा पैलवान आणि पोलंडचा मल्ल झबिस्को यांच्यात हेच झालं. झबिस्को बहुतेक वेळ पालथा पडून राहिला; अडीच तासांनंतर कुस्ती बरोबरीत सुटली. 1928 ला पतियाळ्यात हीच जोड पुन्हा लागली आणि गामाने त्याला मिनिटाच्या आत चितपट केलं. 1912 च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये क्लाइन आणि असिकाइनेन हे मल्ल 11 तास 40 मिनिटं झुंजले. क्लाइन जिंकला, पण इतका थकला की सुवर्णपदकाच्या लढतीला उतरू शकला नाही.

बेसबॉलचंही दुखणं हेच होतं. तिथेही सामना घड्याळावर नाही, फलंदाज बाद होण्यावर संपतो, आणि खरा वेळ खायचं ते दोन चेंडूंमधलं रेंगाळणं. 2022 मध्ये अमेरिकेच्या मेजर लीगमध्ये नऊ डावांचा सामना सरासरी 3 तास 4 मिनिटं चालायचा. 2023 मध्ये चेंडू टाकायला 15 सेकंदांची मुदत घातली, धावपटू बेसवर असेल तर 20. सरासरी 2 तास 40 मिनिटांवर आली. खेळाचं मूळ गणित कुणी बदललं नाही.

मॅटवरच्या कुस्तीने तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या ठरवून लढतीलाच कुंपण घातलं. सोबत नुसता बचाव करणाऱ्याला ताकीद आणि 30 सेकंदांत गुण मिळवायची सक्तीही आणली. मला मातीसाठी यातलं दुसरंच हवं. तुल्यबळ पैलवान तासभर खरोखर भिडत असतील तर भिडू द्यावेत, ते बघायलाच माणसं उन्हातान्हात बसतात. जत्रा कमिट्यांनी घड्याळ लावावं ते पालथं पडून राहणाऱ्याला.