तंबाखूचे सुख : एक हिशेब

गेल्या दिवाळीत माझा मावसभाऊ परदेशातून गावी आला. येताना त्याने चिरुटांची एक लहानशी लाकडी पेटी आणली होती. फराळ झाल्यावर माडीवर बसून त्याने एक चिरूट शिलगावला. वास खरोखरच सुंदर होता. माझ्या चेहऱ्याकडे पाहून तो म्हणाला, "दादा, हा धूर छातीत ओढायचा नसतो. तोंडात घोळवायचा नि सोडून द्यायचा. मग कॅन्सर कसला होतोय? एवढ्या सुखावर माणसानं पाणी सोडायचं का?"

प्रश्न प्रामाणिक होता, म्हणून उत्तरही प्रामाणिक हवे. उपदेश सर्वांनाच कंटाळवाणा वाटतो. पण हिशेब मांडून दाखविला, तर तरुण वाचक तो तपासून तरी पाहतील.

आधी माझी बाजू सांगतो. मी निपाणीच्या परिसरात वाढलो. आमच्या काळ्या रानात विडीचा तंबाखू होई आणि माझ्या कॉलेजची फी त्याच पैशातून भरली गेली. खाल्ल्या घरचे वासे मोजू नयेत, असे म्हणतात. पण मी रसायनशास्त्र शिकवतो. मोजल्याशिवाय माझे भागत नाही. शिवाय विद्यार्थिदशेत मी स्वतः सहा वर्षे सिगारेट ओढली आहे. तेव्हा ते सुख मला ऐकून माहीत आहे असे नाही.

हे सुख आपल्या भागात फार जुने आहे. पोर्तुगीजांनी तंबाखू पश्चिम किनाऱ्यावर आणला व तेथून तो विजापूरच्या आदिलशाहीत पोचला. अकबराचा वकील असद बेग इ. स. १६०४च्या सुमारास विजापूरहून परतताना तंबाखू आणि रत्नजडित हुक्का घेऊन गेला. बादशहाने कौतुकाने झुरके घेतले, तेव्हा दरबारच्या हकिमाने या अपरिचित वस्तूबद्दल शंका काढली. सुख आणि शंका अशी एकाच दिवशी दरबारात आली. पुढे १६१७ साली जहांगीराने धूम्रपानास बंदी केली, पण लोकांनी ती फारशी मनावर घेतली नाही.

आता सुखाचे पारडे पाहू. झुरका घेतल्यावर निकोटीन दहा-वीस सेकंदांत मेंदूत पोचते व तेथे डोपामीन नावाचे द्रव्य सुटते. बरे वाटते ते यामुळे. परंतु सुमारे दोन तासांत रक्तातले निम्मे निकोटीन ओसरते आणि सवय जडलेला माणूस चुळबुळू लागतो. पुढचा झुरका ती चुळबूळ शमवितो. म्हणजे रोज ओढणाऱ्याच्या सुखाचा मोठा वाटा हा नव्या लाभाचा नसतो. सावकाराने आपलाच खिसा कापून त्यातले चार आणे आपल्याला परत द्यावेत आणि आपण त्याचे आभार मानावेत, तसा हा व्यवहार आहे. सुगंध, गप्पांची मैफल, जेवणानंतरचा निवांतपणा हे सुख मात्र खरे. ते मी नाकारत नाही.

दुसऱ्या पारड्यात जोखीम आहे. धूर छातीत न ओढल्याने धोका टळतो काय? अंशतः टळतो. फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका सिगारेटपेक्षा कमी राहतो. पण चिरुटाचा धूर बहुधा अल्कधर्मी असतो, त्यामुळे त्यातले निकोटीन तोंडाच्या अस्तरातूनच रक्तात उतरते. म्हणून तर तो गिळावा लागत नाही! त्याच अस्तरावर कर्करोगकारक द्रव्येही बसतात. रोज एक-दोन चिरूट ओढणाऱ्यांत, धूर आत न घेताही, तोंडाच्या व अन्ननलिकेच्या कर्करोगाचे प्रमाण न ओढणाऱ्यांपेक्षा अधिक आढळते. शिवाय एका मोठ्या चिरुटात सिगारेटच्या अख्ख्या पाकिटाएवढा तंबाखू असू शकतो.

धुराचाच दोष म्हणावा, तर माझ्या मामांनी जन्मात काही पेटविले नव्हते. ते चुना लावून तंबाखू मळीत आणि गालात धरीत. गालाच्या आतला पांढरा चट्टा त्यांनी वर्षभर कोणाला दाखविला नाही. मग तोंड उघडेना. शेवटचे चार महिने ते नळीतून पेज घेत होते. तंबाखूची पाने वाळवताना व मुरवताना त्यांतच नायट्रोसमाइन ही घातक द्रव्ये तयार होतात. त्यांना काडी लावावी लागत नाही. तोंडातली जखम दोन-तीन आठवड्यांत भरली नाही, तर लाजू नये, डॉक्टरांना दाखवावी. एवढे एक वाक्य कोणी लक्षात ठेवले, तरी हा लेख वाया गेला नाही असे मी समजेन.

आकडेही पाहू. इंग्लंडमध्ये डॉल आणि हिल या संशोधकांनी १९५० साली धूम्रपान व फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध दाखविला. पुढच्या वर्षी त्यांनी हजारो ब्रिटिश डॉक्टरांच्या सवयींची नोंद सुरू केली. पन्नास वर्षांचा हिशेब २००४ साली प्रसिद्ध झाला. सिगारेट न सोडणाऱ्यांचे आयुष्य सरासरी सुमारे दहा वर्षांनी कमी झाले होते. मात्र तिशीत सोडणाऱ्याची ती जवळजवळ सर्व दहा वर्षे वाचली, पन्नाशीत सोडणाऱ्याची सहा आणि साठीत सोडणाऱ्याची तीन. उशीर झाला म्हणून सोडण्यात अर्थ नाही, हे म्हणणे या हिशेबात बसत नाही.

"मी स्वतःला आवरीन" असे म्हणणाऱ्यांनी सिग्मंड फ्रॉइडकडे पाहावे. मनाच्या गाठी उकलणारा हा पंडित दिवसाला वीसच्या आसपास चिरूट ओढी. १९२३ साली त्याच्या तोंडात कर्करोग निघाला. पुढच्या सोळा वर्षांत तीसहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या, जबड्यात कृत्रिम भाग बसवावा लागला, तरी चिरूट सुटला नाही. मन जाणणाऱ्याची ही गत, तर आपली काय कथा?

येथपर्यंतचा हिशेब ओढणाऱ्याचा झाला. पण निपाणीत राहणाऱ्याला आणखी एक खाते उघडावे लागते. वखारीत तंबाखू चाळणाऱ्या बायकांच्या नाकातोंडात दिवसभर धूळ जाते. घरी सुपात पाने घेऊन विड्या वळणाऱ्या अक्का आणि मावशी हजारी दरावर पाठ मोडेस्तोवर बसतात. ओल्या पानांतले निकोटीन कातडीतून शिरून शेतात खुडणी करणाऱ्यांना मळमळ व चक्कर येते. यांच्या वाट्याला जोखीम आहे, सुख नाही. विडी आणि सिगार कामगारांसाठी १९६६ साली कायदा झाला, तरी वखारीतल्या बायकांना संघटना बांधून झगडावे लागले. त्यांच्या लढ्यावर युगांतर या गटाने १९८२ साली 'तंबाखू चाकिला ऊब आली' हा माहितीपट काढला. १९८१ साली भावासाठी शेतकरी निपाणीच्या हमरस्त्यावर बसले आणि एप्रिलमध्ये गोळीबारात त्यांच्यापैकी काहींचे प्राण गेले. आमच्या गावाने या पानाची किंमत अशीही मोजली आहे.

म्हणून 'उद्या तंबाखू बंद करा' असे मी म्हणणार नाही. ज्यांची चूल त्यावर पेटते त्यांना दुसरी चूल कोण देणार, हे आधी सांगावे लागेल. भारताने २००४ साली मान्य केलेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या तंबाखू नियंत्रण करारातही शेतकऱ्यांना व कामगारांना पर्यायी उपजीविका मिळण्यास साहाय्य करावे, असे कलम आहे. ते कलम आपल्या भागात कसे उतरेल, हा अर्थशास्त्राच्या आणि शेतकीच्या विद्यार्थ्यांनी हाती घेण्याजोगा विषय आहे.

मावसभावाला मी हे सारे सांगितले. आठवड्यातून एका चिरुटाची जोखीम रोजच्यापेक्षा पुष्कळ कमी, हेही सांगितले. कारण खोटे भय घातले की पुढचे खरेही कोणी ऐकत नाही. एवढेच विचारले, "पहिल्या वर्षी किती ओढत होतास?" तो थोडा वेळ गप्प बसला. म्हणाला, "महिन्यातून एक."

पेटी तो परत घेऊन गेला. तिचे पुढे काय झाले, मी विचारलेले नाही. हिशेब मांडून देणे माझे काम होते. बाकी काढणे त्याचे आहे. आणि वाचकहो, तुमचे तुम्ही काढावे.