मनाचा वेग आणि हाताचा वेग

टेलिफोन ऑपरेटरचें काम बाहेरून पाहणारास अगदीं यांत्रिक वाटतें. फोन यावा, चार शब्द ऐकावे, दोनचार कळा दाबाव्या, जोडून द्यावा आणि दुसरा घ्यावा ! अमेरिकेंत न्यूयॉर्क व न्यू इंग्लंड या भागांतील टेलिफोनचा कारभार त्या वेळीं नायनेक्स नांवाची कंपनी पाहत असे. आपल्या ऑपरेटरांचीं जुनीं टेबलें काढून नवीं घ्यावीं असा विचार तिनें चालविला. नव्या टेबलाच्या पडद्यावर अक्षरें झरझर उमटत, कळांची मांडणी सुधारलेली होती, आणि कांहीं कळा दाबण्याचें कामच उरलें नव्हतें. दर फोनमागें एक सेकंद वांचला तर वर्षाकाठीं सुमारें तीस लाख डॉलर वांचावयाचे. तेव्हां या सौद्यांत लाभच आहे असें कोणासही वाटावें.

वेन ग्रे, बॉनी जॉन आणि मायकेल अ‍ॅटवुड या तिघां संशोधकांनीं मात्र याचा हिशेब निराळ्या रीतीनें मांडला. एका फोनच्या अवधींत गिऱ्हाईक काय बोलतें, तें ऑपरेटरच्या कानीं केव्हां पडतें, मनाला केव्हां उमगतें, डोळा पडद्यावर केव्हां वळतो, कोणतें बोट कोणत्या कळेवर केव्हां जातें, या प्रत्येक व्यापाराची एक एक पट्टी करून त्यांनीं त्या एकाखालीं एक अशा मांडल्या, आणि कोणता व्यापार कोणासाठीं खोळंबतो तें रेघा ओढून दाखविलें. उत्तर आलें तें उलटेंच. नवें टेबल दर फोनमागें ०.६३ सेकंद अधिक घेईल ! पुढें खऱ्या ऑपरेटरांकडून खऱ्या फोनांवर प्रयोग करून पाहिला, तेव्हां फरक निघाला ०.६५ सेकंदांचा. १९९३ सालीं हा सर्व वृत्तांत प्रसिद्ध झाला. (या उद्योगाला त्यांनीं ‘अर्नेस्टीन’ असें नांव दिलें होतें, अमेरिकन नटी लिली टॉमलिन हिनें रंगविलेल्या एका विनोदी टेलिफोन ऑपरेटरचें तें नांव आहे.)

असें कां व्हावें, हें आमच्या गृहिणी वाचकांस सांगावयास नको. वरण शिजावयास अर्धा तास लागणारच असेल, तर तेवढ्या वेळांत चिरावयाची भाजी दहा मिनिटांऐवजीं पांच मिनिटांत चिरून झाली म्हणून पानें लवकर वाढलीं जात नाहींत. परंतु वरण उतरल्यावर फोडणीसाठीं मोहरीचा डबा शोधावा लागला, तर त्या शोधाचा क्षण न् क्षण पंगतीला भोंवतो. नव्या टेबलानें ज्या कळा वांचविल्या, त्या गिऱ्हाईक बोलत असतांना रिकाम्या वेळांत दाबल्या जाणाऱ्या होत्या. आणि जें काम फोनच्या अखेरीस सरकविलें, तें मात्र सर्वांना अडवून बसणारें होतें.

या हिशेबाचें आम्हांस सर्वांत मोल वाटतें तें कंपनीच्या पैशाकरितां नव्हे. हा हिशेब आधीं मांडलेला नसता आणि नवीं टेबलें आल्यावर काम मंदावलेलें दिसलें असतें, तर दोष कोणाच्या माथीं बसला असता ? ‘माणसांना संवय नाहीं’, ‘माणसें आळशी आहेत’, हीं उत्तरें तयारच असतात. दिरंगाई माणसांत नसून कामाच्या रचनेंत आहे, हें येथें आधींच सिद्ध झालें होतें.

हात किती वेळ घेतो याची मोजणी जुनीच आहे. फ्रँक गिलब्रेथ हा अमेरिकन गृहस्थ प्रथम गवंडीकाम शिकला. एक वीट बसविण्यास लागणाऱ्या १८ हालचाली त्यानें सुमारें पांचांवर आणल्या. पुढें त्यानें व त्याची पत्नी लिलियन हिनें कामकऱ्यांच्या हातांना लहान दिवे बांधून त्यांच्या हालचालींचीं छायाचित्रें घेतलीं आणि सर्व श्रमाचे सतराअठरा मूलघटक ठरविले. आपलेंच आडनांव उलटें करून त्यांनीं या घटकांना ‘थर्ब्लिग’ म्हटलें ! या यादींत उचलणें, धरणें, ठेवणें हीं तर आहेतच; पण शोधणें, निवडणें, बेत करणें हींही आहेत. लिलियनबाई १९१५ सालीं मानसशास्त्राच्या डॉक्टर झालेल्या होत्या; हाताच्या यादींत मनाचे व्यापार कसे आले याचें आम्हांस म्हणून नवल वाटत नाहीं. परंतु ‘बेत करणें’ म्हणजे आंत काय घडतें, हें सांगण्याचें साधन त्या काळीं नव्हतें. घड्याळांत तेवढा काळ रिता दिसे, इतकेंच.

तो रिता काळ भरून काढण्याचें काम संगणकावर झालें. कार्ड, मोरान व न्यूवेल यांनीं १९८३ च्या आपल्या ग्रंथांत मनुष्याच्या पाहण्याला, विचाराला व हालचालीला सेकंदाचे अंश नेमून दिले. पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठांतील जॉन अँडरसन यांनीं ‘अ‍ॅक्ट-आर’ नांवाची जी आज्ञावली वाढविली, तींत मन म्हणजे दोन कोठारें आहेत : एकांत ठाऊक असलेल्या गोष्टी, दुसऱ्यांत ‘अमुक असेल तर तमुक करावें’ असे नियम. एक नियम चालण्यास सेकंदाचा विसावा भाग लागतो. जी गोष्ट नुकतीच आणि वारंवार आठवलेली असेल ती लवकर हातीं लागते. क्वचित् आठवलेली उशिरां. आणि मुख्य म्हणजे, एका वेळीं एकच नियम चालतो.

न्यायशास्त्र पढलेल्यांस येथें आपलें घर ओळखीचें वाटेल. मन अणु आहे, म्हणून दोन ज्ञानें एकाच क्षणीं होत नाहींत, असा नैयायिकांचा सिद्धान्त. लांबट शष्कुली खातांना तिचा रंग, वास, चव, स्पर्श व आवाज हीं सर्व एकदमच कळतात ना, असा आक्षेप घेतला म्हणजे ते कमळाच्या शंभर पाकळ्यांच्या थराचा दृष्टान्त देत : सुई एकदम आरपार गेली असें दिसतें, पण पाकळ्या भेदल्या जातात त्या एकामागून एक. अ‍ॅक्ट-आर हें न्यायशास्त्रावरून घेतलें असें मुळींच नाहीं, आणि असा दावा करणारांची आम्हांस कींवच येते. पण प्रश्न तोच आहे, आणि येथें पाकळ्यांमधील अंतर सेकंदांत मोजलें आहे.

या मनाला प्रथम शरीरच नव्हतें. कीरास व मेयर यांच्या ‘एपिक’ या रचनेनें मनाच्या हिशेबाला डोळे, कान व हात जोडले, आणि अ‍ॅक्ट-आरनें ती सोय उचलली. हाताला किती वेळ लागेल तें पॉल फिट्स यांच्या १९५४ च्या नियमानें काढतात : वस्तु जितकी दूर आणि जितकी लहान, तितका विलंब अधिक. पण हा हात म्हणजे केवळ वेळेचा आंकडा. त्याला कोपर नाहीं, खांदा नाहीं, थकवा नाहीं.

दुसरीकडे शरीर घडविणारे आपल्या वाटेनें चालले होते. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठांत नॉर्मन बॅडलर व त्यांचे सहकारी यांनीं ‘जॅक’ नांवाचा संगणकी पुतळा तयार केला. त्याला विमानांत किंवा मोटारींत बसवावें आणि हात कोठवर पोंचतो, नजर कोठें अडते, पाठ किती वांकते तें पाहावें. स्टॅनफोर्डच्या ‘ओपनसिम’मध्यें तर एकेका स्नायूचें बल काढतां येतें. परंतु जॅकला ‘तो खटका दाब’ असें कोणी तरी सांगावें लागतें. कोणता खटका, केव्हां, आणि तो दाबावयाचें विसरलें तर काय, हें त्याच्या गांवींही नाहीं.

या दोघांचें लग्न लावण्याचा एक मोठा प्रयत्न म्हणजे ‘मायडास’. नासाचें एम्स केंद्र व अमेरिकन सैन्य यांनीं १९८० नंतरच्या दशकांत तो हातीं घेतला. हेलिकॉप्टर बांधण्यापूर्वींच त्याच्या चालकाच्या कक्षाचें संगणकांत चित्र करावयाचें, जॅकला आसनावर बसवावयाचें, आणि त्याच्यामागें लक्ष, स्मरण व निर्णय यांचा हिशेब चालवावयाचा. मग एखादी सूचना दिव्यानें झळकली, तर ती नजरेच्या टापूंत आहे काय, आणि असली तरी त्या क्षणीं चालकाचें मन दुसऱ्या कामांत गुंतलेलें आहे काय, हे दोन्ही प्रश्न एकदम विचारतां येतात. चुकीची जागा कागदावरच सुधारणें हें अपघातानंतर सुधारण्यापेक्षां किती तरी स्वस्त आणि दयाळूपणाचें आहे !

तरी हा संसार अजून सुरळीत नाहीं. मनाचा हिशेब सेकंदाच्या विसाव्या भागानें पुढें सरकतो. स्नायूंचा त्याहून पुष्कळ बारीक पावलांनीं. मनानें ‘पेला उचल’ म्हटलें, तर त्या एका शब्दाचे असंख्य मार्ग शरीरापुढें उघडतात. मॉस्कोंत निकोलाय बर्नस्टाइन यांनीं १९२० नंतरच्या वर्षांत निष्णात कामगारांचे हातोड्याचे घाव दिव्यांच्या छायाचित्रांनीं तपासले. घाव बसे नेमक्या ठिकाणीं, पण खांदा, कोपर व मनगट यांची वाट मात्र दर वेळीं थोडी निराळी. म्हणजे मनानें प्रत्येक सांध्याला हुकूम दिला असेल, असें दिसत नाहीं. मग मनाची हद्द कोठें संपते आणि शरीराची कोठें सुरू होते ? ही सीमा आखल्याखेरीज दोन आज्ञावली जोडाव्या कोठें, हा पेंच खरा आहे.

आणि पेंच केवळ वैमानिकांचा नव्हे. स्वीडनमधील संशोधकांनीं १९९७ सालीं ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकांत एक लहानसें निरीक्षण प्रसिद्ध केलें. ५८ वृद्धांना चालतांना बोलण्यांत गुंतविलें. त्यांपैकीं १२ जण बोलण्यासाठीं थांबले. आणि पुढील सहा महिन्यांत त्या १२ पैकीं १० जण पडले. न थांबणारांतही पडणारे निघाले, हें खरें. पण बोलण्यासाठीं पाऊल थांबविणें ही केवळ म्हातारपणाची संवय म्हणून सोडून देण्यासारखी गोष्ट नव्हे, हें यावरून कळतें. तरुणाचें चालणें आपोआप होतें. वृद्धाच्या चालण्यास मनाची देखरेख लागते, आणि उत्तर द्यावयाचें तर ती देखरेख सोडावी लागते. केवळ स्नायूंचा पुतळा हें दाखवूं शकत नाहीं, कारण त्याला कोणी हांकच मारीत नाहीं. केवळ मनाची आज्ञावलीही दाखवूं शकत नाहीं, कारण ती पडूं शकत नाहीं. दोहोंच्या जोडींतून असा आजोबा उभा राहील, तेव्हां जिन्याच्या पायऱ्या, उंबरे आणि न्हाणीघरांतील फरशी यांची परीक्षा त्याच्याकडून करवितां येईल. तोंपर्यंत जिना चढणाऱ्या वडील माणसास खालून प्रश्न विचारूं नये; तें वर पोंचलें म्हणजे विचारावा.