जुन्या लॅपटॉपची मेमरी व प्रोसेसर : खर्च करण्यापूर्वी मर्यादा ओळखा

व्यापारी बंधूंनो,

दुकानाच्या हिशेबासाठी घेतलेला जुना लॅपटॉप फार हळू चालू लागला म्हणून मी बाजारातून मेमरीच्या दोन-दोन जीबीच्या दोन पट्ट्या आणल्या. पैसे चार जीबीचे मोजले. पण पट्ट्या बसवल्यावर पडद्यावर तीनच जीबी दिसले. एका जीबीला फसवले असे समजून मी तडक दुकानदाराकडे गेलो आणि चार गिऱ्हाइकांसमोर नको ते बोललो. त्याने शांतपणे त्याच पट्ट्या दुसऱ्या यंत्रात लावून पूर्ण चार जीबी दाखवले. खोट मालात नव्हती, माझ्या यंत्राची मर्यादाच तेवढी होती. मी माफी मागितली. पण बदगुमानीचा गुन्हा व्हायचा तो झालाच.

आपल्यातील अनेक व्यापारी, यंत्रमागधारक व कारागीर अशी जुनी यंत्रे वापरतात आणि आपली कितीतरी मुले दुरुस्तीच्या धंद्यात आहेत. दोघांच्याही उपयोगी पडावे म्हणून ही माहिती देत आहे. उदाहरणासाठी २००६ साली बाजारात आलेला लेनोव्होचा थिंकपॅड टी६० घेऊ. मजबूत बांधणीमुळे हा लॅपटॉप जुन्या मालात आजही मागितला जातो.

गोदाम, गादी आणि माणूस

कापडाच्या दुकानात माल गोदामात असतो, गिऱ्हाइकापुढे गादीवर उलगडला जातो आणि मापून देणारा माणूस गादीवर बसतो. लॅपटॉपमध्ये हार्ड डिस्क म्हणजे गोदाम, मेमरी म्हणजे गादी आणि प्रोसेसर म्हणजे तो माणूस. गादी लहान असेल तर नवा तागा उलगडण्यापूर्वी जुना गुंडाळून गोदामात पाठवावा लागतो. माणूस कितीही चपळ असला तरी त्याचा वेळ ने-आण करण्यातच जातो. म्हणून आधी गादी वाढवावी, माणूस नंतर बदलावा. मेमरी कमी असताना नुसता प्रोसेसर बदलणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे होय.

तीन जीबीचे रहस्य

टी६० मध्ये मेमरीच्या दोन खाचा आहेत. त्यांत डीडीआर२ जातीची, २०० पिनांची, पीसी२-५३०० म्हणजे ६६७ वेगाची पट्टी बसते. त्याआधीच्या डीडीआर पट्टीलाही २०० पिनाच असतात, पण तिच्यातील खाचेची जागा वेगळी असते. म्हणून पट्टी बसत नसेल तर जोर लावू नये. ती चुकीची आहे असे समजावे.

दोन खाचांत मिळून चार जीबी बसतात, पण वापरायला सुमारे तीनच मिळतात. याचे कारण इंटेलचा ९४५ चिपसेट. त्याला एकूण चार जीबीइतकेच पत्ते ओळखता येतात आणि त्यांतले काही पडदा व इतर भागांसाठी राखून ठेवावे लागतात. एखाद्या मार्केटमध्ये ४०० नंबर असावेत आणि त्यांतले १०० जिना, मीटर-खोली व पाण्याच्या टाकीला द्यावेत, तर व्यापाऱ्यांना ३०० गाळेच उरतील. ६४-बिट विंडोज टाकले तरी हा एक जीबी परत मिळत नाही, कारण बंधन चिपसेटचे आहे. म्हणून अशा यंत्रासाठी एक पट्टी दोन जीबीची व एक पट्टी एक जीबीची घेतली तरी काम भागते.

प्रोसेसर : एका आकड्याचा फरक

सुरुवातीच्या टी६० मध्ये कोअर ड्युओ प्रोसेसर येत असे, जसे टी२३०० किंवा टी२४००. हे ३२-बिटचे आहेत. त्यांच्या जागी त्याच वर्षी आलेला ६४-बिटचा कोअर २ ड्युओ बसवता येतो. त्यांत टी७२०० हा २ गिगाहर्ट्झचा व ४ एमबी कॅशचा प्रोसेसर या कामाला चांगला.

येथे मोठा धोका आहे. टी७३०० हा प्रोसेसर नावाने टी७२०० चा सख्खा भाऊ वाटतो. पण तो पुढच्या पिढीच्या सॉकेट पी साठी आहे, तर टी६० मध्ये सॉकेट एम आहे. पिना दोघांनाही ४७८, मात्र त्यांची मांडणी निराळी. टी७५०० चेही तसेच. म्हणून पिना मोजून किंवा नावावरून अंदाजाने माल घेऊ नये. सॉकेटचे नाव विचारूनच घ्यावा. तसेच काही प्रोसेसर बोर्डावर कायमचे डाखलेले असतात, ते बदलता येत नाहीत. यंत्र कोणतेही असो, हे आधी तपासावे.

कामाचा क्रम

१. सर्वप्रथम हिशेबाची प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्यावी. ती उघडते की नाही हेही पाहावे.

२. जुना प्रोसेसर आत असतानाच बायोस अद्ययावत करावा. सुरुवातीचा बायोस नव्या प्रोसेसरला ओळखत नाही. हे काम चालू असताना वीज गेली तर बोर्ड निकामी होऊ शकतो. म्हणून बॅटरी पूर्ण चार्ज असावी आणि अडॅप्टरही जोडलेला असावा.

३. नंतर अडॅप्टर व बॅटरी दोन्ही काढावीत. तळाचे स्क्रू काढले की हात टेकण्याची पट्टी उचलता येते. तिला जोडलेली वायर जपून सोडवावी. मेमरीच्या दोन्ही खाचा तिच्याखाली आहेत.

४. प्रोसेसरसाठी कीबोर्ड व पंखा काढावा लागतो. सॉकेटचा स्क्रू फिरवला की प्रोसेसर मोकळा होतो. कोपऱ्यावरील त्रिकोणी खूण जुळवून नवा प्रोसेसर अलगद ठेवावा, दाबू नये.

५. जुनी सुकलेली पेस्ट पुसून नवी थर्मल पेस्ट अगदी थोडी लावावी. टी२४०० ची उष्णतेची मर्यादा ३१ वॅट, तर टी७२०० ची ३४ वॅट आहे. म्हणून पंख्यातील धूळही त्याच वेळी काढावी.

६. शेवटी मेमटेस्ट ८६+ हा मोफत प्रोग्राम रात्रभर चालवावा. एकही चूक दाखवली तर पट्टी परत करावी. जुनी मेमरी घेताना परतीची बोली आधीच करून ठेवावी.

कोठे थांबावे

वेगात मोठी उडी मिळेल या आशेने प्रोसेसर बदलू नका. खरा लाभ ६४-बिटचा आहे. नव्या प्रणाली ३२-बिटची यंत्रे सोडत चालल्या आहेत. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ या मोफत लिनक्स प्रणालीने ३२-बिटच्या जुन्या पीसींसाठी इन्स्टॉलर देणे बंद केले. ६४-बिटचा कोअर २ ड्युओ असेल तर ती प्रणाली टाकून पत्रे, दरपत्रके व साधे हिशेब चालवता येतात. वेगच हवा असेल तर मेमरीनंतर हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी टाकावी, तिचा फरक अधिक जाणवतो.

विंडोज एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ ला, विंडोज ७ चा १४ जानेवारी २०२० ला व विंडोज १० चा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ च्या अधिकृत अटींत हे यंत्र कितीही सुधारले तरी बसत नाही. जुनी खाती केवळ पाहण्यासाठी एक्सपी ठेवायचे असेल तर यंत्र इंटरनेटला जोडू नये. बँकेचा व्यवहार त्यावर मुळीच करू नये. दोन्ही सुधारणांचा खर्च जुन्या पण दहा वर्षांनी नव्या लॅपटॉपच्या किमतीजवळ जात असेल, तर तेथेच थांबावे. चालू वस्तू टाकून देणे जसे इसराफ, तसे थकलेल्या वस्तूवर पैसे ओतत राहणेही इसराफच.

दुरुस्ती करणाऱ्या तरुणांना एक विनंती. गिऱ्हाइकाला ही मर्यादा माहीत नसते, तुम्हाला असते. चार जीबीचे पैसे घेण्यापूर्वी “दिसतील तीनच” एवढे सांगून टाका. मालातील ऐब विकण्यापूर्वी सांगणे ही आपल्या दीनची शिकवण आहे. त्याने सौदा कदाचित लहान होईल, पण गिऱ्हाईक टिकेल आणि कोणी माझ्यासारखा तुमच्या दुकानात भांडायलाही येणार नाही.

अल्लाह आपणा सर्वांच्या रोजीत बरकत देवो.