कोटेशनवर सही करण्याआधी तीन दिवस थांबा: ड्राफ्टिंग ऑफिसचं कॉम्प्युटर अपग्रेड, कमी बजेटमध्ये



आमच्या दुकानात झेरॉक्ससोबत प्लॉटरचंही काम चालतं, त्यामुळे गावातले बरेच ड्राफ्ट्समन आणि सिव्हिलवाले रोज काउंटरवर असतात. २०२५ च्या ऑगस्टमध्ये अशाच एक ताई प्लॉट घ्यायला आल्या. त्यांचं दोन टेबलांचं छोटं ड्राफ्टिंग ऑफिस आहे. हातात एक कोटेशन होतं: दोन नवीन मशीन, १ लाख ३८ हजार रुपये, हप्त्यावर.

"दादा, सही करू का? मशीन एवढं अडकतं की परवा एका कॉन्ट्रॅक्टरला नकाशा वेळेत देता आला नाही. त्याने पुढचं काम दुसऱ्याला दिलं."

महिन्याला खर्च जाऊन हातात तीसेक हजार राहणाऱ्या ऑफिससाठी हा आकडा लहान नव्हता. मी म्हटलं, "ताई, सही जरूर करा, पण तीन दिवसांनी. तोवर एक वही ठेवा."

हे मी का म्हटलं? कारण २०१९ मध्ये मी स्वतः हीच चूक केली होती. दुकानातलं डिझाइनचं मशीन स्लो होतं म्हणून न मोजता २८ हजारांचं ग्राफिक्स कार्ड घेतलं. मशीन स्लोच राहिलं, कारण दुखणं हार्ड डिस्कचं होतं. हप्ते मात्र दीड वर्ष फेडले.

वहीत काय लिहायचं?

मशीनसमोर तुम्ही नुसते बसून राहता ती प्रत्येक वेळ. कधी, किती मिनिटं, आणि तेव्हा काय चालू होतं. ताईंच्या मुख्य मशीनची वही अशी निघाली: सकाळी चालू व्हायला ४ मिनिटं, कॅड उघडायला अडीच मिनिटं, मोठी फाइल उघडायला दीड-दोन मिनिटं, आणि ब्राउझर सोबत चालू असला की सगळंच गोठतं. दिवसाला साधारण ५० मिनिटं वाया.

याच वेळी कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि परफॉर्मन्सचा टॅब बघा.

- डिस्क सतत १०० टक्के: जुनी हार्ड डिस्क अडवतेय. एसएसडी हवी.
- मेमरी ९० टक्क्यांच्या वर: रॅम कमी पडतेय.
- सीपीयू फक्त २५ टक्के, तरी कॅड अडकलेलं: इथे बरेच जण फसतात. टू-डी ड्राफ्टिंगमधलं बरंचसं काम प्रोसेसरच्या एकाच कोअरवर चालतं. चार कोअरच्या मशीनमध्ये एक कोअर पूर्ण दमला तरी एकूण आकडा २५ च दिसतो. त्या आलेखावर राइट क्लिक करून लॉजिकल प्रोसेसर्स वेगवेगळे दाखवायला सांगा, मग खरं कळतं.

म्हणूनच टू-डी कामासाठी 'जास्त कोअर'च्या जाहिरातीला भुलू नका. एका कोअरचा वेग बघा. महागडं ग्राफिक्स कार्ड थ्री-डी आणि रेंडरिंगवाल्यांसाठी. साधे प्लॅन-एलिव्हेशन काढणाऱ्याला ते बहुतेक वेळा लागतच नाही.

पायरी शून्य: एक रुपयाही न घालता

ताईंकडे येणाऱ्या फाइली दहा हातांतून फिरून आलेल्या असायच्या. न वापरलेले ब्लॉक, लेयर, एकावर एक बसलेल्या रेषा. फाइलची कॉपी करून तिच्यावर ऑडिट, पर्ज आणि ओव्हरकिल या तीन कमांड चालवल्या. ४८ एमबीची फाइल ११ एमबीवर आली. फाइल उघडण्याचा अर्धा त्रास तिथेच संपला. मशीनला दोष देण्याआधी फाइल झाडून घ्या.

पहिला टप्पा: ९,२०० रुपये

मुख्य मशीन चौथ्या पिढीचं आय-५, ४ जीबी रॅम, जुनी हार्ड डिस्क. बिल असं झालं:

- बॅकअपसाठी १ टीबीची बाहेरची डिस्क: ४,६००
- ५०० जीबीची साटा एसएसडी: २,९००
- ८ जीबी डीडीआर-३ रॅम, वापरलेली: ९००
- क्लोनिंग, साफसफाई, थर्मल पेस्ट: ८००

हे तेव्हाचे भाव आहेत. रॅम-एसएसडीचे दर फार हलतात, त्यामुळे घेताना दोन दुकानांत विचारा.

बॅकअपची डिस्क सगळ्यात आधी घेतली, याकडे लक्ष द्या. आधी कामाची कॉपी, मगच स्क्रू ड्रायव्हर. सहा वर्षांचे नकाशे ज्या डिस्कवर आहेत ती क्लोनिंग करतानाच गेली, तर कुठलं अपग्रेड कामाला येणार?

रॅम वापरलेली का? एसएसडी उद्या दुसऱ्या मशीनमध्ये लावता येते. डीडीआर-३ रॅम डीडीआर-४ च्या बोर्डात बसतच नाही. जे पुढे सोबत येणार नाही, त्यात कमी पैसे घाला.

निकाल? मशीन ४ मिनिटांऐवजी ३५ सेकंदांत चालू. दिवसाचे साधारण ३५ मिनिटं वाचले. पण खरं सांगतो, मोठ्या साइट प्लॅनचं रीजेन फारसं सुधारलं नाही. ते प्रोसेसरचं काम आहे, एसएसडीने ते होत नाही.

हिशेब बघा: रोज ३५ मिनिटं, महिन्याचे २५ दिवस, म्हणजे साडेचौदा तास. ताईंचा तास १५० रुपयांचा धरला तर महिन्याला सुमारे २,२०० रुपये. चार-सव्वाचार महिन्यांत ९,२०० वसूल. पण वाचलेला वेळ भरायला काम असेल तरच हा हिशेब खरा. ताईंकडे काम थांबलेलं होतं. तुमच्याकडे नसेल, तर आधी ग्राहक शोधा, मशीन नंतर.

दुसरा टप्पा: जिथे दुरुस्ती परवडत नाही

दुसरं मशीन फारच जुनं होतं, बोर्डही मध्येच बंद पडायचा. त्यात पैसे घातले नाहीत. शिवाय विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार होता, आणि विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढेच चालतं, सोबत टीपीएम २.० लागतं. म्हणून रीफर्बिश्ड कंपनी डेस्कटॉप घेतला: आठव्या पिढीचं आय-५, १६ जीबी रॅम, एसएसडी, १९,५०० रुपयांत. मोठ्या फाइली आता त्याच्यावर. पहिलं मशीन वर्षभर छोट्या कामाला, नंतर तेही बदलायचं, एसएसडी काढून घ्यायची.

रीफर्बिश्ड घेताना चार गोष्टी: पक्कं बिल, लेखी वॉरंटी, समोर अर्धा तास चालवून बघणं, आणि कॅबिनेटचा आकार. बारीक कॅबिनेटमध्ये पूर्ण उंचीचं कार्ड बसत नाही, आणि पॉवर सप्लायही बऱ्याचदा त्या कंपनीचाच लागतो.

सोबत दोन यूपीएस, ६,२००. आपल्याकडे लाइट कधी जाईल सांगता येत नाही. यूपीएस नसेल तर शेवटच्या सेव्हनंतरचं काम गेलं समजा.

तिसऱ्या टप्प्यात २४ इंची मॉनिटर, ८,२००. एकूण ४३,१००, तेही तीन महिन्यांत विभागून, हप्त्याशिवाय.

सॉफ्टवेअरचं काय?

हा विषय सगळे टाळतात. दुसऱ्या मशीनवर क्रॅक होता. कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३बी नुसार जाणूनबुजून बेकायदा सॉफ्टवेअर वापरलं तर ७ दिवस ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख दंड होऊ शकतो. शिवाय क्रॅकसोबत व्हायरस येतो तो वेगळाच. म्हणून वाचलेल्या पैशांतला पहिला वाटा परवान्याला द्या.

टू-डी पुरतं काम असेल तर ऑटोकॅडपेक्षा स्वस्त ऑटोकॅड एलटी आहे. झेडडब्ल्यूकॅड, जीस्टारकॅड, ब्रिक्सकॅडसारखे पर्याय डीडब्ल्यूजी फाइलवरच चालतात. लिब्रेकॅड मोफत आहे, पण त्याची मुख्य फाइल डीएक्सएफ. ट्रायल घ्या, तुमच्याच पाच फाइली उघडा, एक प्लॉट काढा, मग ठरवा. नगरपालिकेला ऑनलाइन नकाशे देत असाल, तर तिथे कुठली फाइल चालते ते आधी विचारा.

आणि बिल जपून ठेवा. आयकरात कॉम्प्युटरवर ४० टक्के घसारा मिळतो, वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापरलं तर निम्मा. जीएसटीत नियमित नोंदणी असेल तर इनपुट क्रेडिटचंही तुमच्या सीएला विचारा.

आता तुमचं काम

उद्यापासून तीन दिवस वही ठेवा. वाया गेलेली मिनिटं, टास्क मॅनेजरचे आकडे आणि तुमच्या तासाची किंमत, तिन्ही लिहा. मग कोटेशन हातात घ्या आणि प्रत्येक ओळीला विचारा: ही वहीतली कुठली मिनिटं वाचवणार? उत्तर नसेल तर ती ओळ खोडा.

त्या ताईंचा तो कॉन्ट्रॅक्टर अजून परत आलेला नाही, हेही सांगायला हवं. पण त्यानंतर एकही नकाशा उशिरा गेलेला नाही, आणि डोक्यावर हप्ताही नाही.

तुमच्या वहीत काय निघालं, ते व्हिडिओखाली नक्की लिहा. भेटूया पुढच्या भागात!