स्नॅपशॉट हाये ना, मंग बॅकप कायले?

“सायेब, स्नॅपशॉट घेऊन ठेवला हाये, मंग बॅकप कायले पाह्यजे?” हे वाक्य अकोल्याच्या एमआयडीसीतल्या डाळ मिलच्या ऑफिसात ऐकू येतं, नांदगाव पेठच्या कारखान्यात ऐकू येतं आणि अमरावतीत कॉलेजच्या लॅबमध्येही ऐकू येतं, जिथे निदान हा विषय शिकवला जातो. म्हणणारी माणसं अडाणी नसतात. जुनं खडखडणारं मशीन काढून टॅलीचा सर्व्हर व्हर्च्युअल मशीनवर न्यायची हुशारी त्यांचीच. फक्त स्नॅपशॉट या नावामुळे त्यांना वाटतं की अख्ख्या मशीनचा फोटो निघाला आणि तो कुठेतरी सुरक्षित पडून आहे.

तसा फोटो निघतच नाही. व्हीएमवेअरमध्ये स्नॅपशॉट घेतला की मूळ डिस्कची फाइल गोठते, तिच्यात लिहिणं बंद होतं. शेजारी ‘टॅली-०००००१.व्हीएमडीके’ अशा नावाची नवी फाइल तयार होते आणि पुढचा प्रत्येक बदल तिच्यात जातो. हायपर-व्हीमध्ये हाच प्रकार ‘चेकपॉइंट’ म्हणून चालतो आणि फाइलचं शेपूट ‘एव्हीएचडीएक्स’ असतं. तलाठ्याने सातबारा कुलपात ठेवावा आणि पुढचं सगळं नुसत्या फेरफार नोंदवहीत लिहीत जावं, असा हा कारभार. सातबारा जळाला तर नोंदवही सांगेल की दोन एकर कमी झाले. कशातून कमी झाले, ते कोण सांगणार?

म्हणून मूळ डिस्क खराब झाली, रेड कोसळला, किंवा रॅन्समवेअरने अख्खा डेटास्टोअर कुलूपबंद केला, तर स्नॅपशॉटही त्याच्याबरोबर गेला. तो त्याच डब्यात असतो. हे माझं मत म्हणून सोडून देऊ नका. व्हीएमवेअरच्या नॉलेज बेसमधला, पूर्वी १०२५२७९ क्रमांक असलेला लेख स्पष्ट बजावतो: स्नॅपशॉट बॅकअप म्हणून वापरू नका, एक स्नॅपशॉट ७२ तासांपेक्षा जास्त ठेवू नका, साखळीत ३२ पर्यंत चालतात पण चांगल्या वेगासाठी दोन-तीनच ठेवा. मायक्रोसॉफ्टही चेकपॉइंटला बॅकअपचा पर्याय मानत नाही. बनवणारेच सांगतात, तरी आपला हट्ट कायम.

या हट्टाचं बिल जागेत येतं. ३०० जीबीच्या डिस्कचं मशीन घ्या. दसऱ्याच्या आसपास अपडेटआधी स्नॅपशॉट घेतला, फाइल काही एमबीची दिसली, म्हणून “हा तर जागाच खात नाही” असं ठरलं. मग दिवाळीनंतर कापसाचा हंगाम सुरू झाला. दिवसभर काटापट्ट्या आणि बिलं, रात्री डेटाबेसचा १५ जीबीचा डंप त्याच डिस्कवर, रोज नव्या नावाने. आठवड्यात शंभर जीबी. त्यात विंडोज अपडेट, इंडेक्स रीबिल्ड, कुणीतरी उत्साहाने चालवलेलं डीफ्रॅग. एकच ब्लॉक दहादा लिहिला तर तो एकदाच जागा घेतो हे खरं, पण नवनवे ब्लॉक शिवले जात राहिले की स्नॅपशॉटची फाइल वाढत वाढत मूळ डिस्कच्या पूर्ण आकाराएवढी होऊ शकते. आणि हे प्रत्येक स्नॅपशॉटला लागू आहे. तीन स्नॅपशॉट म्हणजे ३०० जीबीच्या मशीनला हिशेबाने १२०० जीबीपर्यंत मोकळं रान. स्नॅपशॉट घेताना मेमरीच्या चौकटीवर टिचकी मारलेली असेल तर मशीनच्या रॅमएवढी फाइल वेगळीच.

डेटास्टोअर शंभर टक्के भरला की त्या डब्यातली ज्यांना पुढे लिहायला जागा हवी ती मशीन्स जागच्या जागी थांबतात. स्नॅपशॉट एकाचा, खोळंबा सगळ्यांचा. काट्यावर ट्रॅक्टरची रांग असते आणि ऑफिसात सगळे हार्ड डिस्क कुठे लवकर मिळेल ते विचारत फिरत असतात.

मग हे स्नॅपशॉट काढत का नाहीत? कारण दुसरा गैरसमज: “डिलीट केलं तर तेव्हापासूनचा डेटा जाईल.” उलट आहे. स्नॅपशॉट मॅनेजरमधलं डिलीट म्हणजे साठलेले बदल मूळ डिस्कमध्ये विलीन करणं. मशीन आजच्या स्थितीतच राहतं, फक्त मागे जायची वाट बंद होते. डेटा जातो तो ‘रिव्हर्ट’ केल्यावर. घाबरून डिलीट टाळायचं आणि मागे जायचं बटण बिनधास्त दाबायचं, असंही पाहण्यात आहे.

त्याहून वाईट म्हणजे जागा हवी म्हणून डेटास्टोअरमध्ये शिरून ती ०००००१ वाली फाइल हाताने उडवणं. तिच्याबरोबर स्नॅपशॉटनंतरचा सगळा व्यवहार जातो. एव्हीएचडीएक्सचंही तेच. या फाइलींना हात लावायचा नाही, म्हणजे नाही.

विलीनीकरणाला वेळ लागतो. शेकडो जीबी असतील तर तास जातात आणि पट्टी ९९ टक्क्यांवर येऊन ठाण मांडते. तिथे धीर सुटतो आणि कुणीतरी होस्ट रीस्टार्ट करतो. अरे बाबा, काम चालू आहे! मे महिन्यात अकोल्याचा पारा पंचेचाळिशीला टेकलेला असताना आणि लाइटचा भरवसा नसताना हे दुपारी सुरू करू नका. संध्याकाळी, यूपीएसची बॅटरी तपासून, डेटास्टोअरमध्ये थोडी मोकळी जागा ठेवून करा, कारण चालू मशीनचं नवं लिखाण तोवर थांबलेलं नसतं. डबा आधीच तुडुंब असेल तर जुन्या आयएसओ फाइली किंवा एखादं बंद मशीन दुसरीकडे हलवा, मग डिलीट.

लक्ष ठेवणं अवघड नाही. व्हीसेंटर असेल तर स्नॅपशॉटच्या आकारावर अलार्म लावता येतो. आरव्हीटूल्समध्ये स्नॅपशॉटचा वेगळा टॅब आहे: कोणत्या मशीनवर, कधी घेतलेला, केवढा. पॉवरसीएलआयची एका ओळीची आज्ञाही हेच देते. पण आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी एकच होस्ट असतो आणि व्हीसेंटर नसतंच. तिथे सोमवारी सकाळी माणसानेच यादी पाहायची. स्नॅपशॉटला ‘टेस्ट’, ‘न्यू’, ‘न्यू २’ अशी नावं देणं थांबवा. तारीख, कारण आणि घेणाऱ्याचं नाव लिहा, म्हणजे तीन महिन्यांनी “हा कुणाचा?” म्हणून गावभर विचारावं लागणार नाही.

बाकीचे गैरसमज किरकोळ. मशीनच्या आतून फाइली उडवल्या की स्नॅपशॉट आटतो? नाही, उडवणं हेही लिखाणच, तो वाढेल. मशीन बंद केलं की जागा सुटते? वाढ थांबते, व्यापलेली जागा तशीच. स्नॅपशॉट असताना डिस्क मोठी करता येते? व्हीएमवेअरमध्ये नाही, आधी विलीन करा. “अॅमेझॉनच्या क्लाउडवर तर स्नॅपशॉटलाच बॅकअप म्हणतात”? हो, कारण तिथे ईबीएसचा स्नॅपशॉट मूळ डिस्कपासून वेगळ्या साठ्यात जातो. वापरायचा तो खुशाल वापरा, फक्त जुने साठले तर दर महिन्याच्या बिलात दिसतात.

आणि शेवटचा: “मॅनेजरमध्ये एकही दिसत नाही, म्हणजे नाही.” बॅकअप सॉफ्टवेअर रात्री स्वतःच तात्पुरता स्नॅपशॉट घेतं आणि काम झालं की काढतं. ते मध्येच अडलं तर यादी कोरी आणि डेटास्टोअरमध्ये ०००००३ पर्यंत फाइली, असं होतं. व्हीएमवेअर तेव्हा ‘कन्सॉलिडेशन नीडेड’ अशी सूचना दाखवतं, ती वाचा. अशा वेळी बहुधा त्या मशीनची डिस्क बॅकअपच्या प्रॉक्सी मशीनला अजून जोडलेली असते आणि तिच्यामुळेच फाइल कुलपात अडकते. प्रॉक्सीच्या सेटिंगमधून ती डिस्क नुसती वेगळी करा. तिथे ‘डिस्कवरूनही पुसा’ असा पर्याय समोर येतो, तो चुकूनही निवडू नका. मग मूळ मशीनवर कन्सॉलिडेट करा.