पाठीवर पुढची पिढी

पाण्यात राहणाऱ्या मोठ्या ढेकणांपैकी काहींच्या पाठीवर अंडी ओळीने, दाटीवाटीने चिकटलेली असतात. एकोणिसाव्या शतकातल्या कीटकशास्त्रज्ञांनी ती पाहिली आणि ही आईच, असं गृहीत धरलं. लांब अंडनलिका वळवून ती स्वतःच्याच पाठीवर अंडी घालत असावी, असंही लिहिलं गेलं. १८९९ साली अमेरिकेत फ्लॉरेन्स वेल्स स्लेटर यांनी नर-मादी नीट तपासले, तेव्हा अंडी वाहणारा प्रत्येक ढेकूण नर निघाला. पण स्लेटर यांनाही त्याच्यात बाप दिसला नाही. मादी त्याला धरून त्याच्यावर अंडी लादते आणि तो त्या ओझ्याखाली चरफडतो, असा त्यांचा निष्कर्ष होता.

तो निष्कर्ष बदलायला पाऊणशे वर्षं जावी लागली. ॲरिझोनातल्या ओढ्यांमध्ये राहणाऱ्या ॲबेडस हर्बर्टी या जातीचा रॉबर्ट स्मिथ यांनी बारकाईने अभ्यास केला. हा नर अंडी घेऊन नुसता फिरत नाही. तो पृष्ठभागाशी येऊन अंड्यांना हवा लागू देतो, खाली गेला की अंग वरखाली करून त्यांच्यावर पाणी खेळवतो, मागच्या पायांनी त्यांना कुरवाळतो. नरापासून अलग झालेली अंडी पाण्यात बुडून राहिली तर मरतात आणि सतत उघड्यावर राहिली तर सुकतात. या देखभालीची किंमत नर मोजतो. पंखांवर अंडी चिकटलेली असताना त्याला उडता येत नाही आणि पोहण्याचा वेगही मंदावतो.

एवढं करायचं तर ती संतती आपली आहे याची खात्री हवी. मादीच्या शरीरात आधीच्या नराचे शुक्राणू साठलेले असू शकतात. त्यामुळे नर आधी समागम करतो, मग मोजकीच अंडी पाठीवर घालू देतो, पुन्हा समागम, पुन्हा थोडी अंडी. स्मिथ यांनी पाठीवरच्या एका आनुवंशिक पट्ट्याचा खूण म्हणून वापर करून पिल्लांचा बाप शोधला. १९७९ साली ‘सायन्स’मध्ये त्यांनी दाखवलं की, मादी आधी दुसऱ्या नराशी जुगलेली असली तरी जवळजवळ सगळी पिल्लं अंडी वाहणाऱ्याचीच होती.

मुळात ही वेळ आली कशामुळे? स्मिथ यांनी दिलेलं उत्तर मला या साऱ्या विषयातलं सर्वांत सुंदर वाटतं. या ढेकणांच्या पूर्वजांना बेडकाचं पिल्लू, मासा असं मोठं भक्ष्य साधू लागलं, तसा मोठ्या शरीराचा फायदा वाढला. पण ढेकणाचं पिल्लू पाचच वेळा कात टाकतं आणि प्रत्येक कातीत एका मर्यादेपर्यंतच वाढतं. म्हणजे प्रौढ मोठा हवा तर पिल्लू मोठं जन्मायला हवं आणि अंडंही मोठं हवं. मोठ्या अंड्याला आकारमानाच्या मानाने पृष्ठभाग कमी मिळतो, आणि पाण्यात प्राणवायू हवेच्या तुलनेत सुमारे दहा हजार पटींनी हळू पसरतो. आतला जीव गुदमरतो. म्हणून अंडी पाण्याबाहेर आली; बाहेर आली, तर सुकू लागली. आता त्यांना ओलावा देणारं कुणीतरी हवं होतं. लेथोसेरस या भल्यामोठ्या ढेकणांत आजही हीच रीत आहे. मादी पाण्याबाहेर आलेल्या काडीवर अंडी घालून निघून जाते आणि नर पुन्हा पुन्हा वर चढून ती भिजवतो. अंडी थेट नराच्या पाठीवर ठेवण्याची पद्धत त्यानंतरची.

आणि बापच का? मादी मोकळी राहिली तर खाऊनपिऊन पुन्हा अंडी तयार करते. नराचं मात्र राखण करताना फारसं बुडत नाही, कारण पाठीवर जागा असेपर्यंत दुसरी मादीही त्याला जोडीदार म्हणून स्वीकारते. राखणारे नर इतके मोलाचे ठरतात की जपानमधल्या एका लेथोसेरस जातीत मादी दुसरीची अंडी फोडते आणि मोकळ्या झालेल्या नराकडे स्वतःची सोपवते.

बहुसंख्य कीटकांना यातलं काहीच करावं लागत नाही. फुलपाखरू लिंबाचं किंवा कढीपत्त्याचं पान अचूक निवडतं आणि निघून जातं. कुंभारीण माशी मातीच्या घरट्यात बधिर केलेल्या अळ्या भरून तोंड लिंपते. ज्यांना थांबावं लागतं त्यांची कारणं वेगवेगळी. इअरविग या कीटकाची आई अंडी चाटून बुरशीपासून वाचवते. विखुरलेली अंडी ती पुन्हा गोळा करते, हे कीटकशास्त्रज्ञ द गीर यांनी १७७३ सालीच नोंदवलं होतं. मेलेला उंदीर किंवा पक्षी पुरणारे भुंगेरे नर-मादी मिळून तो राखतात आणि अळ्यांना तोंडातून भरवतात, कारण असं अन्न क्वचितच सापडतं आणि त्यावर डोळा असणारे अनेक. एर्ना पुकोव्स्की यांनी १९३३ साली हे सविस्तर मांडलं.

म्हणून संगोपन म्हणजे उत्क्रांतीच्या शिडीवरची वरची पायरी, हे म्हणणं मला पटत नाही. अंडं किंवा पिल्लू एकटं जगू शकत नाही अशी अडचण जिथे उभी राहिली तिथे, वेगवेगळ्या कुळांत, संगोपन स्वतंत्रपणे जन्मलं.

अळ्यांना दीर्घकाळ भरवावं लागलं की पुढचा प्रश्न येतो. एकटी आई मध्येच मेली तर? बंगळुरूचे राघवेंद्र गदगकर यांनी रोपालिडिया मार्जिनाटा या गांधीलमाशीच्या अभ्यासातून १९९० साली त्याचं एक उत्तर मांडलं. सामायिक घरट्यात एखादी माशी मेली तरी तिने अर्धवट वाढवलेल्या अळ्या दुसऱ्या माश्या वाढवतात, तिचे कष्ट वाया जात नाहीत. गदगकरांचं हे उत्तर कीटकांच्या समाजाची मुळं संगोपनाच्या ओझ्यात शोधतं.

पाठीवर अंडी वाहणारा डिप्लोनिकस रस्टिकस हा ढेकूण आपल्याकडच्या तळ्यांत आणि भाताच्या खाचरांत राहतो. डासांच्या अळ्या हे त्याचं एक खाद्य. असा नर जाळ्यात आला तर उघड्या हाताने धरू नका, चावा चांगलाच झोंबतो. पाठीवरची अंडी खरवडू नका. पाहून झालं की ज्या पाण्यातून काढला त्याच पाण्यात त्याला लगेच सोडा.